ईईजीच्या रेषेत हृदयाचे ठोके आणि ५० हर्ट्झची झालर : तपासायला कुठून सुरुवात करायची

कोल्हापुरातल्या आणि आसपासच्या दोन-तीन कॉलेजांत मी प्रयोगशाळेची उपकरणं लावून देतो, बिघडली की बघायला जातो. गेली काही वर्षं मानसशास्त्राच्या मुलांनी एक चांगलं काम धरलंय. माणूस लक्ष देत असताना, काही आठवत असताना, निर्णय घेताना त्याच्या मेंदूची विद्युत रेषा (ईईजी) आणि हृदयाची रेषा (ईसीजी) एकाच वेळी नोंदवायची आणि दोन्हींचा मेळ लावून बघायचा. त्यासाठी विद्यार्थी येतात, शिक्षक येतात आणि तालमीतले पैलवानही येतात. मला फोन येतो तो बहुतेक वेळा एकाच वाक्याचा : "सर, मशीन गेलंय." मशीन गेलेलं नसतं. मेंदूची रेषा इतकी बारीक आहे की शेजारचं काहीही तिच्यावर चढून बसतं.

आकडे एकदा लक्षात ठेवले की पुढचं सगळं सोपं जातं. डोक्याच्या त्वचेवर मेंदूचा सिग्नल साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्ट असतो. छातीवर हृदयाचा सिग्नल सुमारे १ मिलिव्होल्ट, म्हणजे त्याच्या दहा ते शंभर पट. आणि भिंतीतल्या वायरीत २३० व्होल्ट, सेकंदाला ५० वेळा (म्हणजे ५० हर्ट्झ) उलटसुलट होणारे. तक्रार कुठलीही असू दे, कोण कोणावर चढलंय हे शोधणं एवढंच काम असतं.

आधी लक्षण ओळखा

काही हलवायच्या आधी रेषा पडद्यावर दहा सेकंद शांतपणे बघा, फिल्टर बंद करून.

सगळ्या चॅनेलवर, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडच्या (त्वचेवर लावलेल्या चकतीच्या) रेषेवर, एकसारखी जाड, केसाळ झालर दिसते आहे आणि स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या वेगाची लहर किती आहे ते दाखवणाऱ्या आलेखात) ५० वर (कधी १०० आणि १५० वरही) काटा उभा आहे, तर ती लाईनची (भिंतीतल्या विजेची) खरखर. तीच झालर एकाच चॅनेलवर असेल तर तो रोग वेगळा. रेषा हळूहळू वर-खाली पोहते आहे, तर घाम. प्रत्येक ठोक्याबरोबर ईईजीत बारीक चोच उठते आहे, तर हृदयाचं विद्युतक्षेत्र डोक्यापर्यंत पोचलंय. चोच नसून ठोक्यानंतर किंचित उशिरा एक गोल लाट, तीही कानशिलाजवळच्या एकाच चॅनेलवर, तर इलेक्ट्रोड धमनीवर बसलाय. नाडीचा आकडा ४८ वरून अचानक ९६ वर उडी मारतो, किंवा ठोक्यांमधलं अंतर मध्येच दुप्पट होतं, तर सॉफ्टवेअर ठोके चुकीचे मोजतंय. आणि नोंद सुरू झाली तेव्हा जुळलेली मेंदू-हृदयाची वेळ तासाभरानं सरकलेली दिसते, तर दोन यंत्रांची घड्याळं वेगळी चालताहेत.

दोन शेजारचे चॅनेल हुबेहूब एकसारखे दिसले तर खूश होऊ नका. इलेक्ट्रोडखालचं वीज वाहणारं जेल जास्त झालंय, ते वाहत जाऊन दोन इलेक्ट्रोड एक झालेत.

पहिली तपासणी : डोळे मिटायला सांगा

याला पैसे लागत नाहीत, एक मिनिट पुरतं. समोरच्या माणसाला निवांत बसवा, डोळे मिटायला सांगा. डोक्याच्या मागच्या बाजूला, ओ-१ आणि ओ-२ या जागांवर, सेकंदाला ८ ते १३ च्या चालीची गुळगुळीत लाट (अल्फा) उठायला हवी. डोळे उघडले की ती बसते. जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूची पहिली नोंद घेतली, १९२९ मध्ये ती छापली, आणि हीच लाट त्यांनी दाखवली. शंभर वर्षं झाली, साखळी ठीक आहे का हे बघायला याहून चांगली कसोटी मला मिळालेली नाही. लाट दिसली तर डोक्यापासून लॅपटॉपपर्यंतचा रस्ता उघडा आहे, ॲम्प्लिफायरला (सिग्नल मोठा करणाऱ्या खोक्याला) हात लावू नका. दिसली नाही तर लगेच घाबरू नका. काही माणसांची अल्फा लाट मुळातच अशक्त असते. दुसऱ्या कोणाला बसवा आणि मग ठरवा.

याच मिनिटात पापण्या फडफडवायला आणि दात आवळायला सांगा. पापणीचा उंचवटा कपाळाच्या चॅनेलवर आणि जबड्याची खरखर कानशिलांवर दिसली पाहिजे. ती कुठे दिसते यावरून इलेक्ट्रोडच्या टोपीच्या वायरी योग्य जागी जोडल्यात का हेही कळतं. एकदा पापणी डोक्याच्या मागे फडफडत होती. कोणीतरी जोडणीचा फीत-कनेक्टर उलटा बसवला होता.

मग खोलीकडे बघा

लॅपटॉपचा चार्जर काढा. बऱ्याच वेळा एवढ्यानंच निम्मी झालर उतरते. नंतर मोबाईल खोलीबाहेर, मग पंख्याचा रेग्युलेटर, मग एलईडी ट्यूब. एकेक करून बंद करा, सगळं एकदम नाही. एकदम बंद केलं तर गुन्हेगार कोण ते कळत नाही आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच फोन येतो. लाईट गेली आणि इन्व्हर्टर चालू झाला तर तेवढ्या भागाला खूण करून ठेवा. स्वस्त इन्व्हर्टरची लहर स्वच्छ नसते, तिची खरखर ५० पुरती राहत नाही.

शिवाजी उद्यमनगराच्या कडेला एका खोलीत आम्ही तीन दिवस डोकं फोडत होतो. खरखर यायची, जायची. चौथ्या दिवशी मी वहीत वेळा मांडल्या आणि दिसलं की दुपारी एक ते दोन रेषा आरशासारखी स्वच्छ. शेजारी वेल्डिंग चालायचं, त्यांची जेवणाची सुट्टी ती आमची चांगली वेळ. खुर्ची त्या भिंतीपासून लांबच्या कोपऱ्यात नेली, नोंदी सकाळी लवकर ठेवल्या आणि काम मार्गी लागलं. वेळेची वही ठेवा. मीटरनं न सापडणारी गोष्ट तिच्यात सापडते.

आता एक कळकळीचं सांगणं. ५० चा नॉच फिल्टर (फक्त ५० च्या आसपासची लहर कापणारा) हा शेवटचा हात आहे, पहिला नाही. फिल्टर लावला की झालर दिसेनाशी होते, पण सैल इलेक्ट्रोड सैलच राहतो आणि उद्या त्याच चॅनेलवर घाम, हालचाल, ठोका सगळं येतं. शिवाय ३० च्या वरच्या जलद लहरी अभ्यासायच्या असतील तर नॉच त्यांच्यातलाही तुकडा कापून नेतो.

तेल, त्वचा आणि जेल

आपल्याकडच्या तक्रारींचं हे सगळ्यात मोठं घर. खोबरेल तेल वीज वाहू देत नाही. आदल्या रात्री शाम्पूनं केस धुऊन, कोरडे करून, तेल-कंडिशनर न लावता यायचं, हे सहभागी माणसाला दोन दिवस आधी सांगा आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा आठवण करा. गंगावेशीकडून आलेला एक पोरगेला पैलवान मला म्हणाला, "सर, डोक्याला त्याल न्हाई लावलं तर वस्ताद वरडत्यात." मी वस्तादांकडे जाऊन काय चाललंय ते समजावून सांगितलं. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि नोंदीच्या दिवसापुरती परवानगी दिली. तेव्हापासून आम्ही आधी वस्तादांना भेटतो, मग पोरांना.

इम्पिडन्स (त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यातला विजेचा अडथळा) बघताना क्रम चुकवू नका : पहिला ग्राउंड (यंत्राचा सामाईक इलेक्ट्रोड), मग रेफरन्स (ज्याच्याशी बाकीच्यांची तुलना होते तो), मग बाकीचे. कारण प्रत्येक चॅनेल म्हणजे तो इलेक्ट्रोड वजा रेफरन्स. रेफरन्स सैल असेल तर बत्तीसच्या बत्तीस चॅनेल खराब दिसतात आणि मुलं एकेका इलेक्ट्रोडमध्ये जेल भरत बसतात. सगळे खराब तर सामाईक गोष्ट खराब, एकच खराब तर तो एकटा खराब. एवढं ध्यानात ठेवलं तरी अर्धा तास वाचतो. साध्या ॲम्प्लिफायरला ५ किलोओहमच्या खाली आणा. नवे ॲम्प्लिफायर यापेक्षा बरंच जास्त चालवून घेतात. पण सगळे इलेक्ट्रोड साधारण एकाच पातळीवर हवेत. जेल भरल्यावर पाच मिनिटं थांबा, ते त्वचेत मुरतं आणि आकडा आपोआप उतरतो.

त्वचा घासायची ती हलक्या हातानं. रक्त दिसेपर्यंत घासणं चूक आहे, त्यानं संसर्ग होतो. पैलवानांना नायट्याचा त्रास असतो. चट्टा दिसला तर तिथे इलेक्ट्रोड लावू नका आणि टोपी निर्जंतुक केल्याशिवाय पुढच्या डोक्यावर घालू नका.

एप्रिल-मेमध्ये आणि पहिल्या पावसाच्या दमट दिवसांत रेषा पोहते ती घामानं. पंखा थेट अंगावर नको, पण खोली गार हवी. तालमीतून थेट आलेल्या माणसाला किमान अर्धा तास बसवा. जोर-बैठका मारून आलेल्या हृदयाची विश्रांतीतली नोंद घेता येत नाही. तांबडा-पांढरा ओरपून किंवा दोन कप चहा घेऊन आलेल्याचीही तीच गत.

वायर आणि चकत्या

झालर एकाच चॅनेलवर आहे आणि इम्पिडन्स चांगला आहे, तर अदलाबदल करा. खराब चॅनेलची वायर शेजारच्या चांगल्या खोबणीत घाला. खराबी वायरीबरोबर सरकली तर वायर किंवा चकती दोषी. जागेवरच राहिली तर ॲम्प्लिफायरची ती खोबण. वायर बहुतेक वेळा प्लगच्या मानेशी तुटते, बाहेरून दिसत नाही. मीटर लावून तिथे हलकं वाकवा, आकडा नाचला की सापडली. सगळ्या वायरी एकत्र वेणीसारख्या गुंफून माणसाच्या पाठीमागून न्या. पसरलेल्या वायरी मोठा फेरा बनवतात आणि तो फेरा लाईनचं चुंबकीय क्षेत्र पकडतो.

चांदीच्या चकत्या वापरत असाल तर त्यांच्यावर सिल्व्हर क्लोराईडचा मंद जांभळट-राखाडी थर हवा. चकती चकचकीत पांढरी दिसायला लागली म्हणजे थर गेला आणि रेषा भटकणार. मिठाच्या पाण्यात चकती दीड व्होल्टच्या सेलच्या धन टोकाला जोडून, ऋण टोकाला दुसरा चांदीचा तुकडा लावून ठेवली की थर पुन्हा धरतो. एका विद्यार्थ्यानं हुपरीहून पैंजणाच्या पत्र्याच्या चकत्या करून आणल्या होत्या. हात सुबक होता, पण दागिन्याच्या चांदीत तांबं मिसळलेलं असतं, त्यानं विद्युतदाब स्थिर राहत नाही. हुपरीकडूनच घ्यायची तर शुद्ध चांदी मागून घ्या. ज्या चकत्या चांदी-क्लोराईडची भुकटी दाबून बनवलेल्या असतात त्यांना हे काही करायला लागत नाही. त्या नुसत्या धुवायच्या, खरवडायच्या नाहीत.

हृदय मेंदूच्या रेषेत शिरतं तेव्हा

इथपर्यंतच्या चुका दिसतात, म्हणून सुधारतात. ही चूक शोधासारखी दिसते आणि म्हणून मला तिची सगळ्यात जास्त काळजी वाटते.

प्रत्येक ठोक्यानंतर मेंदू त्या ठोक्याची दखल घेतो. ठोक्याची उंच चोच, म्हणजे आर, शून्य धरून शेकडो ठोक्यांची ईईजी सरासरी काढली तर साधारण २०० ते ६०० मिलिसेकंदांच्या दरम्यान एक छोटा प्रतिसाद दिसतो. शरीराच्या आतल्या हालचालीची जाणीव, भावना, लक्ष यांचा अभ्यास करणारे याच खिडकीकडे बघतात. पण हृदयाचं विद्युतक्षेत्र संपूर्ण शरीरात पसरतं आणि टाळूपर्यंतही पोचतं. आरची चोच तर येतेच, त्याच्यामागे त्याच ठोक्याची टी नावाची लाट येते, आणि टी साधारण २५० ते ३०० मिलिसेकंदांवर शिखर गाठते, बरोबर त्याच खिडकीत.

आमच्याकडच्या एका मुलीनं पैलवान आणि न खेळणारी मुलं यांची तुलना केली होती. पैलवानांचा "मेंदूचा प्रतिसाद" ठळक मोठा आला. पोस्टर तयार होतं. मी तिला म्हटलं, ताई, सरासरी शून्याच्या आधीपासून दाखव. दाखवली, आणि शून्यावरच एक टोकदार सुई उभी होती. मेंदूला ठोक्याची बातमी कळायला वेळ लागतो. शून्य मिलिसेकंदांवर उत्तर देता येत नाही. ती सुई हृदयाचीच होती. मग कारणं सापडत गेली. आखूड, जाड मानेच्या माणसात हृदयाचं क्षेत्र डोक्यावर जास्त दिसतं. व्यायाम करणाऱ्यांची टीची लाट अनेकदा उंच असते. आणि रेफरन्स होता कानाच्या पाळीवरची क्लिप. पैलवानांचे कान मोडलेले, घट्ट झालेले; क्लिप धड बसत नव्हती, एका बाजूची निसटलेली होती. म्हणजे एकाच कानाचा रेफरन्स, आणि एका कानाचा रेफरन्स हृदय भरपूर पकडतो.

ती दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी टोपी धुऊन पुन्हा बसली.

तुमच्याकडे हे दिसलं तर असं करा. रेफरन्स दोन्ही कानांमागच्या हाडांवर घ्या आणि दोन्हींची सरासरी वापरा. डाव्या-उजव्या बाजूला उलट दिसणारं हृदयाचं क्षेत्र बरंचसं एकमेकांना खोडतं. गोल, उशिराची लाट एकाच इलेक्ट्रोडवर असेल तर तो धमनीवर आहे, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सरकवा. त्यानंतरही उरलं तर स्वतंत्र घटक वेगळे काढण्याची पद्धत वापरून हृदयाचा घटक वजा करा. आणि निष्कर्ष लिहिण्याआधी दोन गोष्टी तपासा. ज्या दोन गटांची तुलना करताय त्यांच्या छातीवरच्या ईसीजीचीही तशीच सरासरी काढा. तीच वेगळी असेल तर मेंदूचा फरक म्हणून काही सांगता येणार नाही. दुसरं, आरच्या खुणा मुद्दाम इकडेतिकडे सरकवून तीच सरासरी पुन्हा काढा. प्रतिसाद खरोखर ठोक्याशी बांधलेला असेल तर तो विरघळला पाहिजे. खोट्या खुणांवरही तेवढाच फरक आला तर तो समोरच्या कामामुळे आलेला आहे, ठोक्यामुळे नाही.

सॉफ्टवेअर ठोके चुकवतं

याच उंच टीमुळे दुसरी गडबड होते. सॉफ्टवेअर टीलाच आर समजतं आणि ४८ ची नाडी ९६ होते. छातीवरची पट्टी थोडी सरकवा, आर उंच आणि टी बुटकी दिसेल अशी जोडी शोधा. आर खाली डोकं करून दिसतोय तर दोन लीड (छातीवरच्या वायरी) उलट्या लागल्यात, एवढंच.

एखादा ठोका सुटला तर काय बिघडतं, असं मुलं विचारतात. गणित करून दाखवतो. पाच मिनिटांची नोंद, दर ठोका ८०० मिलिसेकंदांवर, म्हणजे सुमारे ३७५ ठोके. समजा लागोपाठच्या अंतरांतल्या चढउताराचा आकडा, ज्याला आरएमएसएसडी म्हणतात, खरा ३० आहे. एकच ठोका सुटला की एक अंतर १६०० होतं, त्याच्या दोन्ही बाजूंना ८०० चे दोन फरक पडतात, आणि आकडा ३० वरून ६६ च्या घरात जातो. एका सुटलेल्या ठोक्यानं ताणात असलेला माणूस निवांत ठरतो. म्हणून पाच मिनिटांच्या सगळ्या खुणा डोळ्यांनी बघा. पंधरा मिनिटं लागतात, ती द्या.

दोन घड्याळं

ईईजी एका यंत्रावर आणि ईसीजी दुसऱ्यावर घेत असाल तर प्रत्येकाचं घड्याळ आपल्या चालीनं चालतं. दहा लाखांत ५० भागांचा फरक असला तरी तासाला १८० मिलिसेकंद सरकतात. वरची खिडकी २०० ते ६०० ची आहे हे आठवा म्हणजे किती नुकसान होतं ते कळेल. सोपा उपाय : ईईजीच्या ॲम्प्लिफायरला मोकळा जोड-चॅनेल असेल तर ईसीजी त्यातच घ्या, प्रश्नच मिटतो. नसेल तर सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही यंत्रांत एकच खूण पाठवा आणि मधला काळ ताणून जुळवा. फक्त सुरुवातीची खूण पुरत नाही. ब्लूटूथवरून येणारी नोंद गठ्ठ्यांनी येते, तिच्या पोचण्याच्या वेळेवर विसंबू नका. पडद्यावर चित्र दाखवत असाल तर ६० हर्ट्झचा पडदा एक चौकट १६.७ मिलिसेकंद धरून ठेवतो. कोपऱ्यात प्रकाश ओळखणारा सेन्सर चिकटवून खरी वेळ नोंदवा.

इथे हात थांबवा

टेबलाच्या लोखंडाला, लॅपटॉपच्या पत्र्याला किंवा यंत्राच्या खोक्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर त्याच क्षणी माणसाच्या अंगावरच्या सगळ्या वायरी काढा. नोंद गेली तरी चालेल. त्वचा घासून जेल लावलेला माणूस विजेला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त उघडा असतो. परवानाधारक वायरमनला बोलवा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या वर दाब मिळाला तर अर्थिंगचा खड्डा बघायला लावा. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, कोळसा-मिठाचा खड्डा वाळतो, आणि वर्षभर शांत असलेली खोली मे महिन्यात गुणगुणायला लागते. सॉकेटमध्ये विद्यार्थ्यांना मीटरच्या काड्या घालू देऊ नका.

बाजारात काही शे रुपयांत ईसीजीचं छोटं बोर्ड मिळतं. शिकायला चांगलं आहे, पण लाईनपासून माणसाला वेगळं ठेवणारी सोय त्यात नसते. ते बॅटरीवरच चालवा, लॅपटॉपचा चार्जर काढूनच. यातला एकही नियम मोडणार असाल तर माणसाला जोडू नका.

अदलाबदलीत खराबी ॲम्प्लिफायरच्या खोबणीवरच थांबली तर खोकं उघडू नका. आतली विलगीकरणाची सोय बिघडली तर बाहेरून काही कळत नाही आणि धोका पुढच्या माणसाला. कंपनीच्या इंजिनिअरला बोलवा. बोलावण्याआधी दोन मिनिटांच्या तीन नोंदी तयार ठेवा : सगळी टोकं एकत्र जोडलेली, चार्जर लावून आणि चार्जर काढून. त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचा एक फेरा.

आणि ईसीजीत ठोके सारखे अनियमित दिसले, किंवा ईईजीत सुईसारखे झटके पुन्हा पुन्हा आले, तर ते तुम्ही वाचायचं नाही. सहभागी माणसाला घाबरवायचं नाही, आपण होऊन नाव द्यायचं नाही. मार्गदर्शकांना त्याच दिवशी दाखवा आणि त्या माणसाला नीट समजावून डॉक्टरांकडे पाठवा, सोबत नोंदीची प्रत द्या. छातीत दुखतंय, चक्कर येते असं कोणी म्हणालं तर प्रयोग तिथेच बंद करून थेट दवाखान्यात न्यायचं. आमच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला १०८ हा नंबर मोठ्या अक्षरांत लावलेला आहे.